मुंबईतील घरे : तुटवडा कशाचा?

२०२३ सालच्या ऑगस्टमध्ये म्हाडाच्या मुंबई मंडळाने ४,०८२ घरांची सोडत काढली. या घरांसाठी आलेल्या अर्जांची संख्या एक लाख वीस हजारांच्या आसपास होती. म्हणजे एका घरामागे सुमारे तीस अर्जदार. ज्या एकाचा क्रमांक लागला त्याचे अभिनंदन झाले आणि उरलेल्या एकोणतीस जणांचा प्रश्न पुढील सोडतीवर ढकलला गेला. याच सोडतीत ताडदेव येथील काही घरे होती. त्यांची किंमत प्रत्येकी साडेसात कोटी रुपयांच्या घरात होती. ज्यांना बाजारात घर परवडत नाही त्यांच्यासाठी गृहनिर्माण मंडळे स्थापन झाली, अशी समजूत बाळगणाऱ्या सामान्य नागरिकाने या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा?

मेळ घालता येतो. मात्र त्यासाठी ‘घरांचा तुटवडा’ हा शब्दप्रयोग आधी नीट तपासून घ्यावा लागतो. शासन, बांधकाम व्यावसायिक, वृत्तपत्रे आणि काही अंशी डाव्या चळवळीतील मंडळीही हा शब्द वर्षानुवर्षे एकाच अर्थाने वापरीत आली आहेत. माणसे जास्त, घरे कमी. म्हणून अधिक घरे बांधा, म्हणजे प्रश्न सुटेल. हे विधान इतके सरळ दिसते की त्यात काही खोट असेल अशी शंकाही येत नाही.

केंद्र शासनाने बाराव्या पंचवार्षिक योजनेसाठी अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखाली एक तांत्रिक गट नेमला होता. त्या गटाने २०१२ साली देशाच्या नागरी भागातील घरांची तूट १ कोटी ८८ लाख इतकी ठरविली. या आकड्याला भरपूर प्रसिद्धी मिळाली. आकड्याच्या पोटात काय आहे हे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. या तुटीपैकी सुमारे ९६ टक्के तूट आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांतील होती. मध्यम व त्यावरील सर्व गटांच्या वाट्याला चार-साडेचार टक्के आली. ज्यांच्या डोक्यावर छप्परच नाही अशी कुटुंबे ५ लाख ३० हजार होती. उलट सुमारे दीड कोटी कुटुंबे अशी, की ज्यांना छप्पर आहे परंतु एका खोलीत दोन-दोन संसार मांडल्यावाचून गत्यंतर नाही. आणि २०११च्या जनगणनेत देशातील शहरांत रिकामी आढळलेली घरे होती १ कोटी ११ लाख! २०१७-१८च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने रिकाम्या घरांच्या संख्येत देशात पहिला क्रमांक मुंबईला दिला आहे. मुंबईत अशी सुमारे ४ लाख ८० हजार घरे होती. त्याच जनगणनेप्रमाणे मुंबईच्या १ कोटी २४ लाख लोकसंख्येपैकी सुमारे ५२ लाख माणसे झोपडपट्टीत राहत होती. २०२१ साली जनगणना झालीच नाही. त्यामुळे सर्व चर्चेला आधार अजून २०११च्या आकड्यांचाच घ्यावा लागतो.

रिकामे घर म्हणजे प्रत्येक वेळी राहण्याजोगे घर असे नव्हे, हे मान्य केले पाहिजे. त्यांत मोडकळीस आलेली घरे असतात, वारसांच्या दाव्यांत अडकलेली असतात, नुकतीच बांधून विक्रीची वाट पाहणारीही असतात. ही सारी वजा केली तरी एक गोष्ट शिल्लक राहते. ज्या शहरात लाखो दारांना कुलपे आहेत आणि लाखो कुटुंबे दहा बाय दहाच्या खोलीत आळीपाळीने झोपतात, त्या शहराच्या दुखण्याचे निदान ‘घरे कमी’ एवढ्या दोन शब्दांत होऊ शकत नाही.

गरज आणि मागणी यांतील फरक अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकात शिकविला जातो. ज्या गरजेच्या पाठीशी क्रयशक्ती उभी आहे तेवढीच गरज बाजाराला दिसते; बाकीची त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. मुंबईत गरज तळाशी आहे आणि मागणी शिखरावर आहे. ज्याला राहायला एक खोली हवी त्याच्यापाशी पैसा नाही, आणि ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला राहायला दुसरे घर नको असते. त्याला पैसा गुंतवायला, क्वचित लपवायला, एक जागा हवी असते. बाजार या दुसऱ्या माणसासाठी घरे बांधतो. यात बाजाराने फसवणूक केली असेही म्हणता येत नाही. तो त्याच्या स्वभावाप्रमाणे वागतो.

यावर नेहमीचे उत्तर असे की, चटईक्षेत्र निर्देशांक वाढवा, उंच बांधू द्या, पुरवठा वाढला की भाव आपोआप उतरतील. कांद्याच्या बाजारात हे खरे आहे. कांदा सडतो, म्हणून उत्पादकाला तो विकावाच लागतो आणि पीक उदंड आले की भाव कोसळतो. जमीन सडत नाही. तिचा मालक थांबू शकतो. किंबहुना थांबण्यातच त्याचा लाभ असतो, कारण शेजारी रस्ता झाला, रेल्वे आली, पाणी आले की त्याने काडीचेही श्रम न करता त्याच्या जमिनीची किंमत वाढते. चटईक्षेत्र वाढवून दिले की त्याच तुकड्यावर अधिक मजले चढविता येतात. ही बातमी कानावर पडताच मालक त्या वाढीव मजल्यांची किंमत आजच मागतो. घर स्वस्त व्हावे म्हणून दिलेली सवलत जमिनीच्या किमतीत जिरून जाते. जमिनीच्या या अनर्जित मूल्यवृद्धीचे धनी कोण, हा गृहनिर्माणाच्या प्रश्नाचा गाभा आहे. सिमेंट आणि लोखंड त्यानंतर येते.

बेटावरील मुंबईची लोकसंख्या २००१ साली ३३ लाख ३८ हजार होती. २०११ साली ती ३० लाख ८५ हजारांवर आली. याच दहा वर्षांत परळ, लोअर परळ, वरळी, शिवडी या भागांत मनोरे उभे राहिले. म्हणजे घरे चढत गेली आणि माणसे उतरत गेली. पुरवठावादी अर्थतज्ज्ञांनी या आकड्यांचे स्पष्टीकरण द्यावयास हवे होते. अर्थात, ही माणसे नाहीशी झाली नाहीत. त्यांतील पुष्कळशी कोठे गेली ते पुढे पाहू.

हे सारे नव्याने घडते आहे असेही नाही. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, आणि पाडलेल्या वस्त्यांतील माणसे शेजारच्या चाळींत आणखी दाटीवाटीने कोंबली गेली. त्यानंतर १९२० साली गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. पन्नास हजार गाळे बांधावयाचे ठरले. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसविण्यात आला. प्रत्यक्षात सोळा हजारांच्या आसपास गाळे झाले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथील त्या २०७ चाळी म्हणजेच बीडीडी चाळी होत. त्यातली खोली १६० चौरस फुटांची. विशेष म्हणजे गिरणगाव माणसांनी तुडुंब भरलेला असताना यातील अनेक खोल्या आरंभीची काही वर्षे रिकाम्या पडून होत्या, कारण त्यांचे भाडे कामगाराला झेपणारे नव्हते. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या चाळींचा तुरुंग म्हणून उपयोग केला. गरज एकीकडे आणि रिकामी घरे दुसरीकडे, हे चित्र मुंबईत शंभर वर्षांचे जुने आहे.

त्याच सुमारास युरोपात एका शहराने निराळा मार्ग धरला होता. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना नगरपालिका समाजवाद्यांच्या हाती आली. तेथे भाडेनियंत्रण कडक होते. त्यामुळे भाड्याने देण्यासाठी घरे बांधणे खासगी मालकाला किफायतशीर राहिले नाही आणि जमिनीच्या किमती खाली आल्या. नगरपालिकेने ही संधी साधून जमिनी विकत घेतल्या. १९२३ साली तिने घरांवर चढत्या दराचा कर बसविला. लहान घराला नाममात्र, आलिशान हवेलीला जबर. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे बांधली गेली. ती विकली नाहीत. भाड्याने दिली, आणि भाड्यात देखभालीपुरताच खर्च धरला. फॅसिस्टांनी १९३४च्या फेब्रुवारीत त्या वसाहतींवर तोफा डागल्या. वसाहती मात्र टिकल्या. आजही त्या शहरात नगरपालिकेच्या मालकीची दोन लाखांहून अधिक घरे आहेत आणि त्यांचा धाक खासगी मालकांच्या भाड्यावर आहे.

मुंबईतही भाडेनियंत्रण आले. १९४७च्या कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठविली. त्या कायद्याने गिरणगावातला कामगार आणि गिरगाव-दादरचा कारकून पन्नास वर्षे शहरात टिकून राहिला, हे त्याचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण व्हिएन्नात भाडेनियंत्रणाबरोबर जी दुसरी गोष्ट झाली ती येथे झाली नाही. खासगी मालकाने भाड्याची घरे बांधणे सोडले, ती जागा शासनाने भरून काढली नाही. परिणामी जुन्या चाळीत पागडीचा काळा बाजार फोफावला, दुरुस्ती थांबली, आणि शहरात नव्याने येणाऱ्या श्रमिकाला झोपडीखेरीज दुसरे दारच उरले नाही. मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. सुमारे साडेएकोणीस हजार इमारती त्याच्या कक्षेत आल्या. डाव्या चळवळीने कायद्याचे रक्षण केले ते योग्यच होते. त्या कायद्याचा उरलेला अर्धा भाग, म्हणजे सार्वजनिक भाड्याच्या घरांचे बांधकाम, पुरेशा जोराने मागितला नाही, ही चळवळीच्या हिशेबातील जुनी बाकी आहे.

१९७६ साली नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला आणि जमिनीच्या मालकीला प्रथमच हात घातला गेला. मुंबईत मर्यादा होती ५०० चौरस मीटरची. अतिरिक्त जमीन शासनाने घ्यावयाची आणि तीवर सामान्यांसाठी घरे बांधावयाची, असा कायद्याचा स्पष्ट हेतू होता. परंतु त्यातील विसाव्या कलमाने शासनाला सूट देण्याचा अधिकार दिला होता. अपवाद म्हणून ठेवलेले हे कलम कारभाराचा नियम बनले. मंत्रालयातील फायली ज्या दाराने आत गेल्या त्याच दाराने सूट घेऊन बाहेर आल्या. केंद्राने हा कायदा १९९९ साली रद्द केला. महाराष्ट्राने २००७च्या नोव्हेंबरात. ‘कायदा अपयशी ठरला’ असे कारण देण्यात आले. वस्तुतः तो राबविला गेलाच नव्हता.

तो राबविता येत होता याचा पुरावा गोरेगावच्या दिंडोशीत उभा आहे. मृणाल गोरे, बाबूराव सामंत, प. बा. सामंत या मंडळींनी नागरी निवारा परिषद स्थापून याच कायद्याखालील अतिरिक्त जमीन सामान्यांच्या घरांसाठी मिळावी म्हणून लढा दिला. रस्त्यावरही आणि न्यायालयातही. सुमारे ६२ एकर जमिनीवर सहा हजारांहून अधिक घरे झाली, आणि ती बांधकामाच्या खर्चाच्या हिशेबाने दिली गेली. एक पैसा काळा न देता मुंबईत घर मिळू शकते हे हजारो कुटुंबांनी अनुभवले. समाजवादी चळवळीच्या या शहरातील कामांपैकी हे सर्वांत टिकाऊ काम होय. तथापि त्यातही एक धडा आहे. ही घरे मालकीची होती. त्यामुळे आज ती बाजारभावाने विकली व विकत घेतली जातात. पहिल्या पिढीला जे स्वस्त मिळाले ते तिसऱ्या खरेदीदाराला स्वस्त उरत नाही. जमीन सार्वजनिक हेतूसाठी मिळवली तरी घर एकदा विक्रीचा माल झाले की लाभ एकाच पिढीपुरता राहतो.

यानंतर १९९५ साल उजाडते. मुंबईतील चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरे देण्याची घोषणा झाली, अफझुलपुरकर समिती बसली आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण जन्माला आले. या योजनेचे गणित प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा कागदावर मांडून पाहावे असे आहे. झोपडीवासीयासाठी बांधलेल्या दर दहा चौरस मीटरमागे विकासकाला विक्रीसाठी उपनगरात दहा, बेटावरील शहरात साडेसात आणि धारावीत तेरा-साडेतेरा चौरस मीटर बांधकामाची मुभा होती. पुढे प्रमाणे बदलली. तत्त्व तेच राहिले.

उपनगराचे उदाहरण घेऊ. एक चौरस मीटर बांधण्याचा खर्च एक रुपया धरला, तर विकासकाला दोन रुपये खर्च करून फक्त एक चौरस मीटर विकता येते. त्यात संक्रमण शिबिराचे भाडे, कर्जावरील व्याज, महापालिकेचे अधिमूल्य, कागद हलविण्याचा अघोषित खर्च आणि नफा मिळविला तर विक्रीचा भाव बांधकाम खर्चाच्या किमान तिप्पट असल्याखेरीज योजना चालूच शकत नाही. आता समजा, काही चमत्कार होऊन मुंबईतील घरांचे भाव उतरले आणि गिरणीतल्या, गोदीतल्या, रुग्णालयातल्या कर्मचाऱ्याला परवडण्याइतके खाली आले. त्या दिवशी काय होईल? झोपडीवासीयाचे एकही नवे घर बांधले जाणार नाही! गरिबाचे घर ज्या भावातून बांधले जाते तो भाव चढा राहणे ही योजनेची पूर्वअट आहे. जे शासन घरे परवडणारी करण्याचे वचन देते, तेच शासन घरे न परवडणारी राहावीत याच्यावर आपल्या गृहनिर्माण धोरणाची इमारत उभी करते. महापालिकेचेही तेच. २०१७ साली जकात गेल्यापासून तिच्या तिजोरीत बांधकामाच्या अधिमूल्याचे महत्त्व वाढत गेले आहे. २०२१ साली मंदीच्या निमित्ताने राज्य शासनाने हे अधिमूल्य वर्षभर निम्म्यावर आणले ते घर घेणाऱ्याच्या कळवळ्याने की विकासकाच्या, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

ताडदेवच्या साडेसात कोटींच्या घरांचे कोडे येथे सुटते. जुन्या इमारतीच्या पुनर्विकासात विकासकाकडून मंडळाला काही वाढीव क्षेत्र मिळते. ते क्षेत्र उच्चभ्रू मनोऱ्यातले, म्हणून घरही त्याच भावाचे. सार्वजनिक संस्था बाजाराला आवर घालण्यासाठी निघाली आणि बाजाराची भागीदार होऊन बसली.

अशा योजनेची गती काय राहिली? चाळीस लाख माणसे म्हणजे आठ लाख घरे. पाव शतक उलटून गेल्यानंतर, २०२० साली, पूर्ण झालेल्या घरांची संख्या तीन लाखांपर्यंतही पोहोचलेली नव्हती. जेथे विक्रीचा भाव चढा तेथे योजना धावली. जेथे भाव कमी, म्हणजे जेथे गरीब अधिक, त्या गोवंडी-मानखुर्दकडे ती रेंगाळली. मंदी आली की अर्धवट सांगाडे आणि संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षे खितपत पडलेली कुटुंबे, हे दृश्य तर सर्वांच्या परिचयाचे आहे.

पात्रतेचा प्रश्न निराळा. १९७६, १९८०, १९८५, १९९०, १९९५, २०००, २०११ अशा तारखा एकामागून एक पुढे सरकत गेल्या. प्रत्येक तारखेने एक रेघ ओढली आणि रेघेपलीकडच्या माणसाला अपात्र ठरविले. झोपडीत भाड्याने राहणाऱ्याला तर कोणत्याच तारखेने विचारले नाही. शहरात सर्वांत अलीकडे आलेला, सर्वांत तरुण, सर्वांत कमी मजुरीचा श्रमिक बहुधा हाच असतो. पदपथावरील रहिवाशांच्या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. चाळीस वर्षांनंतरही कामाच्या जागेजवळ भाड्याची एक खोली हा त्या हक्काचा अर्थ शासनाने लावलेला नाही.

गिरण्यांच्या जमिनींची कथा या पानाच्या वाचकांना वेगळी सांगावयास नको. १९८२चा संप, १९९१चा नियम, त्यातील साधारण एक-तृतीयांश महापालिकेला, एक-तृतीयांश म्हाडाला, एक-तृतीयांश मालकाला अशी वाटणी. २००१ साली ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती आहे अशी केलेली दुरुस्ती. आणि २००६च्या मार्चमध्ये तिच्यावर सर्वोच्च न्यायालयाचे झालेले शिक्कामोर्तब. सुमारे सहाशे एकरांतून शहराच्या हाती तुकडे आले. २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने, म्हणजे सार्वजनिक उपक्रमाने, सुमारे १७ एकरांची एक गिरणी ७०२ कोटी रुपयांना विकली, तेव्हा त्या भावाने भोवतालच्या प्रत्येक वाड्याचा, चाळीचा आणि गाळ्याचा भाव ठरविला. घरासाठी अर्ज केलेल्या गिरणी कामगारांची व वारसांची संख्या दीड लाखाच्या आसपास गेली. २०१२च्या पहिल्या सोडतीत घरे होती ६,९२५.

बेटावरून उतरलेली माणसे कोठे गेली, याचे उत्तर रेल्वेच्या रुळांवर सापडते. २००१ ते २०११ या दशकात बृहन्मुंबईची लोकसंख्या जेमतेम चार टक्क्यांनी वाढली. तत्कालीन ठाणे जिल्ह्याची ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. कळवा, मुंब्रा, दिवा, नालासोपारा, विरार येथे बाजाराने खऱ्या गरजेला आपले उत्तर दिले. ते उत्तर अनधिकृत होते, कारण अधिकृत घराचा भाव या माणसांच्या आवाक्यात कधीच नव्हता. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे अवघ्या काही महिन्यांत उभी केलेली इमारत कोसळली. ७४ माणसे दगावली. २०२५च्या ऑगस्टमध्ये विरारला अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ बळी गेले. त्याच वर्षी ९ जूनला मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या लोकलच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी रुळांवर पडून मरण पावले. पहिल्या दोन घटनांची चौकशी नगरविकास खात्याने करावयाची आणि तिसरीची रेल्वेने, अशी वाटणी कागदावर सोयीची असली तरी तिन्ही मृत्यूंची नोंद गृहनिर्माणाच्या खात्यावरच व्हावयास हवी.

अशा स्थितीत कार्यकर्त्यांनी मागावयाचे काय? वस्तीत काम करणाऱ्याची अडचण खरी आहे. संमतीची अट ७० टक्क्यांवरून ५१ वर आल्यापासून विकासकाचा माणूस दारोदार फिरतो. रहिवासी कार्यकर्त्यालाच विचारतात, सही करू का? ‘योजना भांडवलदारी आहे, नाकारा’ असे उत्तर देणाऱ्याला स्वतः झोपडीत राहावे लागत नाही. तीनशे चौरस फुटांचे पक्के घर, आत संडास, नळाला पाणी, हे कोणत्याही गृहिणीने सोडू नये. त्या घराची लढाई लढलीच पाहिजे. पण चळवळीची मागणी तीनशेची साडेतीनशे करा, २०११ची तारीख पुढे न्या, एवढ्यावर येऊन थांबली, की ती चढ्या भावाच्या गणिताचाच एक भाग बनते. प्रत्येक वाढीव चौरस फुटासाठी मग वरच्या मनोऱ्यात आणखी एक मजला लागतो.

भाड्याच्या घरांचा आग्रह सोडून चालणार नाही. १९६१ साली शहरी भारतात निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याने राहत; २०११ साली हे प्रमाण २८ टक्क्यांच्या खाली आले. मधल्या काळात ‘घर म्हणजे मालकीचे’ हा मध्यमवर्गीय संस्कार धोरण बनला. २००८ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना काढली. बीडीडी चाळीतल्या खोलीचेच माप, ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनंतर! तीही चटईक्षेत्राच्या आमिषावर खासगी विकासकाकडून करून घ्यावयाची होती आणि काही वर्षांतच ती गुंडाळली गेली. सार्वजनिक जमिनीवर, सार्वजनिक पैशाने, न विकली जाणारी भाड्याची घरे आपल्याकडे कुणी नेटाने बांधून पाहिलेलीच नाहीत. त्यासाठी पैसा कोठून आणावयाचा, या प्रश्नाला रिकाम्या घरांवरील चढता कर आणि जमिनीच्या मूल्यवृद्धीवरील कर ही उत्तरे आहेत. बांधकामापेक्षा जमीनच महाग असलेल्या शहरात ज्याच्यापाशी जमीन आहे त्याचा मुख्य खर्च आधीच वाचलेला असतो, आणि मुंबईत सर्वांत मोठी जमीनदार शासनसंस्थाच आहे.

बीडीडी चाळींत हे थोडेसे दिसू लागले आहे. १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर. वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना २०२५च्या ऑगस्टमध्ये किल्ल्या मिळाल्या. जमीन शासनाची, यंत्रणा म्हाडाची. पण खर्च भरून काढण्यासाठी उरलेल्या जागेवर विक्रीचे मनोरेच यावयाचे आहेत. वरळीसारख्या ठिकाणी भाड्याची सार्वजनिक घरे बांधता येतील अशी जमीन त्यानंतर शासनाजवळ उरणार नाही.

दुसरीकडे धारावीसाठी २०२२च्या नोव्हेंबरात ५,०६९ कोटींची बोली स्वीकारली गेली, आणि तेथे जे अपात्र ठरतील त्यांच्या भाड्याच्या घरांसाठी राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली कांजूर, भांडुप, मुलुंड येथील मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन मंजूर केली. भाड्याची घरे या सरकारला आठवली ती धारावीतून माणसे हलविण्यासाठी. पूर्वेच्या किनाऱ्यावर मुंबई बंदर प्राधिकरणाची (पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टची) सुमारे अठराशे एकर जमीन आहे. गोदीचे काम आटले, गोदामे ओस पडली. शिवडी, दारूखाना, वडाळा येथे त्या जमिनीवर झोपड्या करून राहिलेल्या श्रमिकांना मात्र केंद्राची जमीन म्हणून राज्याची पुनर्वसन योजना वर्षानुवर्षे लागू झाली नाही. ही जमीन विकासकाकडे जाण्याआधी तीवर भाड्याची सार्वजनिक घरे किती आणि कोणासाठी, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. विकास आराखड्याचे नकाशे नागरिकांना पाहण्यास खुले आहेत. प्रत्येक विभाग समितीने आपापल्या प्रभागातील शासकीय, निमशासकीय आणि महापालिकेचे भूखंड, त्यांचे क्षेत्र, आरक्षण आणि सध्याचा ताबा यांची यादी तयार करावी. पुढील सभेत चर्चा त्या यादीवरून व्हावी.